यॉर्कला राहतो मी, दादा

आमच्या चुलतभावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा तेच पेटलं: औरंगाबाद म्हणायचं की छत्रपती संभाजीनगर. दोन्हीकडून तोफा चालू असताना दादाने लिहिलं, "इंग्रजांकडे बघा, हजार वर्षांत एका गावाचं नाव बदललं नाही त्यांनी." इथे माझं डोकं सटकलं. यॉर्कला राहतो मी, दादा.

इसवी सन ७१ च्या सुमारास रोमनांनी इथे छावणी टाकली, नाव एबोराकम. तेही मूळ त्यांचं नव्हे, आधीच्या ब्रिटनांचं, बहुधा यूच्या झाडांवरून आलेलं. मग अँग्लो-सॅक्सन आले. त्यांना 'एबोर'चा अर्थ लागेना. आपल्याकडे रानडुकराला 'एओफोर' म्हणतात, तेच असणार, म्हणून त्यांनी केलं एओफोर्विक. ८६६ साली व्हायकिंगांनी शहर घेतलं, त्यांच्या तोंडी झालं योर्विक, आणि ते झिजत झिजत यॉर्क. झाडाचं डुक्कर झालं, पुढे डुकराचंही काही उरलं नाही. तरी इथले आर्चबिशप अजून सहीत 'एबोर' लिहितात, आणि ऑगस्टातली घोड्यांची मोठी शर्यतही एबोरच.

गल्ल्यांच्या नावांतलं 'गेट' म्हणजे व्हायकिंगांचा रस्ता. खऱ्या वेशीला म्हणतात 'बार'. नवा होतो तेव्हा कुणीतरी मिकलगेट बारपाशी बोलावलं, तर मी तासभर पबांच्या पाट्या वाचत हिंडलो.

हे सगळं ग्रुपवर टाकून वर शिष्टपणे लिहिलं, "पण इथे राजपत्र काढून नाही बदललं, लोकांच्या जिभेने बदललं."

दादाचं उत्तर लगेच: "तलवार घेऊन आलेल्यांच्या जिभेने ना? आपलं गावही आधी खडकी होतं. मलिक अंबरच्या मुलाने फतेहनगर केलं, मग औरंगजेबाने आपलं नाव दिलं. का यॉर्कमध्ये राहून तेवढं विसरलास?"

विसरलो नव्हतो, सोयीने गाळलं होतं. मी अंगठ्याचा इमोजी टाकून फोन ठेवला.

काल संध्याकाळी कचऱ्याचा बिन बाहेर लोटत होतो. पलीकडच्या घरात नुकत्याच आलेल्या आजींनी विचारलं, मूळचा कुठला?

"मुंबईजवळचा," म्हणालो. अठरा वर्षं हेच सांगतोय. अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या वर आहे. दादाला हे अजून सांगितलेलं नाही.