दुधी कडू लागला म्हणून मावशीने फेकला, तेच बरोबर होतं

गेल्या गुरुवारी सकाळी मिरजेहून मावशीच्या शेजारणीचा फोन आला. मावशी पूजेला बसली होती. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दाराची चौकट धरून ती तिथेच खाली बसली. हातपाय गार, अंग घामाने भिजलेलं. शेजारणीकडे साखर मोजायचं मशीन होतं म्हणून निभावलं. आकडा आला ५८, म्हणजे साखर फार खाली. तिने पाण्यात चार चमचे साखर ढवळून पाजली, पाव तासाने पुन्हा मोजली आणि मग मला फोन लावला.

मावशी ६३ वर्षांची आहे, मधुमेहाची गोळी चालू आहे. त्याआधीचे चार दिवस तिच्या पोटात दुधीचा रस, लिंबूपाणी आणि रात्री सोनामुखीचा काढा याशिवाय काही गेलं नव्हतं. भिशीच्या ग्रुपवर आलेला ‘७ दिवसांत संपूर्ण शरीरशुद्धी’ हा मेसेज वाचून तिने हे सुरू केलं होतं. तुमच्याही एखाद्या ग्रुपवर तो आला असेलच. त्यात म्हटलंय की आपल्या आतड्यांत वर्षानुवर्षांचा पाच-सात किलो मळ आणि विष साचलेलं असतं. सात दिवस अन्न बंद करून रोज तीन वेळा दुधीचा रस घेतला की ते बाहेर पडतं, ५ किलो चरबी वितळते आणि गोड-चटपटीत खाण्याची इच्छा मुळापासून जाते. रस कडू लागला तरी नाक दाबून प्यायचा, कारण कडू दुधी जास्त गुणकारी. उलट्या-जुलाब झाले तर घाबरायचं नाही, ते विष बाहेर पडतंय. या काळात बाकीच्या गोळ्या बंद. शेवटच्या रात्री ऑलिव्ह तेल आणि लिंबू, म्हणजे पित्ताचे खडे पडतात. आणि हे सगळं म्हणे आयुर्वेदात सांगितलेलं आहे.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. असे मेसेज रोज येतात आणि मी ते न वाचता पुढे जाते, ही माझी चूक झाली. आता एकेक मुद्दा घेते, पण मेसेजच्या क्रमाने नाही. ज्याने माणूस मरू शकतो तो आधी.

कडू रस नाक दाबून प्या, हा तो मुद्दा. दुधी काकडीच्या कुळातला. या कुळातल्या वेली कीड आणि जनावरांपासून स्वतःला वाचवण्यासाठी कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं तयार करतात. आपण खातो त्या दुधीत ती अगदी नगण्य असतात, म्हणून तो गोडसर लागतो. पण एखाद्या फळात ती वाढतात, आणि बाहेरून बघून काही कळत नाही. रंग तोच, लव तीच, नख लावलं तर तसंच रुततं. कळतं ते फक्त जिभेला. असा रस ग्लासभर पोटात गेला तर थोड्याच वेळात मळमळ, पोटात कळा, उलट्या, जुलाब, कधी रक्ताची उलटी आणि रक्तदाब धाडकन खाली. या विषावर उतारा नाही. सलाईन लावून लक्षणांवर उपचार करायचे, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं.

दुधीच्या रसाने माणसं दगावल्यावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, त्यासाठी समिती नेमली होती. समितीने तोवर नोंदलेली प्रकरणं तपासली आणि २०१२ साली तिचा अहवाल इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये छापून आला. त्यातल्या शिफारशी कुणालाही कळतील अशा आहेत. रस काढण्याआधी दुधीचा लहान तुकडा चाखून बघा. कडू लागला तर अख्खा दुधी फेकून द्या. कडू रस अजिबात पिऊ नका. दुसऱ्या कुठल्या रसात मिसळू नका. प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब किंवा अस्वस्थ वाटलं तर ताबडतोब जवळच्या हॉस्पिटलात जा. त्यानंतर सहा वर्षांनी, २०१८ मध्ये, पुण्यात चाळिशीतल्या एका धडधाकट बाईंचा सकाळी असाच कडू रस प्यायल्यावर चार दिवसांत मृत्यू झाला. सगळ्या वर्तमानपत्रांत ती बातमी होती.

आता मेसेजमधलं वाक्य पुन्हा वाचा: उलट्या-जुलाब झाले तर घाबरू नका. विषबाधेची जी लक्षणं दिसताच धावत दवाखाना गाठायचा, तीच लक्षणं म्हणजे गुण येतोय असं हा मेसेज सांगतो. माणसाने ज्या घटकेला रिक्षा बोलवायची, त्याच घटकेला त्याला दुसरा ग्लास घ्यायला लावतो. ज्याने हे लिहिलं त्याला माहीत नसेल, असं मी धरून चालते. पण जे पुढे पाठवतात त्यांना अहवाल वाचायचीही गरज नव्हती. घरातल्या कुठल्याही म्हातारीला विचारलं असतं तरी चाललं असतं.

कारण दुधी चाखून बघायला मला मावशीनेच शिकवलं. मी आठवीत होते. तिच्या स्वयंपाकघरात विळीवर दुधी चिरायला बसले, तर तिने हात धरला. देठाकडून एक पातळ चकती कापली, टोक दाताखाली धरलं, क्षणभर थांबली आणि मग विळी माझ्याकडे सरकवली. चाळीस वर्षांत तिने एकही दुधी न चाखता शिजवलेला नाही. या कोर्सच्या तिसऱ्या दिवशीचा दुधी कडवट निघाला, तर सवयीने तिने तो फेकला. आणि गुरुवारी, साखर जागेवर आल्यावर, तिने मला पहिला प्रश्न काय विचारला? “त्यात लिहिलं होतं कडू असला तरी प्यायचा. मी टाकून दिला गं. म्हणून गुण आला नाही का?”

जो दुधी फेकला म्हणून ती कदाचित आज आहे, तोच फेकल्याचं तिला वाईट वाटत होतं. हे लिहायला बसले ते त्या प्रश्नामुळे.

आणि मिरजेत राहणाऱ्या माणसाला तर हे सांगायची वेळ यायला नको. मिरजेच्या तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तंबोऱ्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतात आणि ते कडू भोपळे असतात. जात तीच, दुधीचीच. कडू असल्यामुळे वाळल्यावर त्याला कीड लागत नाही, असं कारागीर सांगतात. किडा ज्याला तोंड लावत नाही, त्याचा रस उपाशीपोटी माणसाने का प्यायचा? “मग कारलं कसं चालतं?” असं कुणी विचारेल. कारल्यातली कडू द्रव्यं निराळी आहेत आणि कारलं कडूच असायचं. जे फळ गोड असायला हवं ते कडू निघालं, की त्यात बिघाड आहे.

आता गोळ्या. मावशीने गोळी बंद केली नाही, कारण डॉक्टरांचा शब्द तिच्यासाठी भिशीच्या ग्रुपपेक्षा मोठा आहे. पण तिची गोळी ग्लिमेपिराइडची. तुम्ही जेवा न जेवा, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात भाकरी नाही आणि वर गोळी, म्हणजे साखर ५८ वर येणारच. मेसेजचं ऐकून गोळ्या सोडल्या असत्या तर साखर वर जायचा धोका होता, शिवाय रक्तदाबाची गोळी सुटली ती वेगळीच. म्हणजे मधुमेहाच्या माणसाने मेसेज पाळला तरी धोका, अर्धा पाळला तरी धोका. डॉक्टरांना न विचारता असा उपास करायचाच नाही.

वजनाचं बोलू, कारण लोक या मेसेजकडे वळतात ते त्यासाठीच. पाच दिवसांत मावशीचं वजन ३ किलो २०० ग्रॅम उतरलं, हे खरं आहे. काटा खोटं बोलला नाही. पण उतरलं काय? आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण अर्धा किलो साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं बंद केलं की पहिल्या दोन-तीन दिवसांत हा साठा बराचसा संपतो आणि पाणी लघवीवाटे जातं. त्यात आतडी रिकामी झालेली, सोनामुखीने आणखी पाणी काढलेलं. सोनामुखी काम करते मोठ्या आतड्यात, आणि अन्नातल्या उष्मांकांचं शोषण त्याआधी लहान आतड्यात होऊन गेलेलं असतं. म्हणजे जुलाबात जातं ते पाणी, आणि त्याबरोबर पोटॅशियम.

चरबीचा हिशेब कागदावर मांडून बघा. एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी. पाच किलोच्या झाल्या ३८,५००. मावशीच्या वयाची बाई दिवसाला १,७०० च्या आसपास खर्च करते. सात दिवस तिने पाण्यावर काढले तरी १२,००० भरत नाहीत. साधारण दीड किलोच्या वर चरबी जाणं शक्यच नाही, आणि त्यातही काही वाटा चरबीऐवजी स्नायूंचा. पाच किलो चरबी सात दिवसांत जाते हे पाचवीच्या गणितातसुद्धा बसत नाही.

पोळी-भाजी सुरू केल्यावर चार दिवसांत तीन किलोंतले जेमतेम तीनशे ग्रॅम सोडून सगळं परत आलं. मावशीला वाटतंय की तीच कमी पडली, सात दिवस तिच्याने काढवले नाहीत. शरीराने पाणी परत भरून घेतलं, एवढंच झालंय. त्यात तिचा काही दोष नाही.

खाण्याच्या इच्छेचं तर नेमकं उलट आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना जवळपास सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खायला घालायचं, हे शोधायला. ही मुलं दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली. पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसायची, ताटल्या चाटायची, स्वप्नंही जेवणाची. प्रयोग संपल्यावरही कितीतरी दिवस काहींचं खाऊन समाधानच होईना. आपल्याकडे हे एका ओळीत सांगितलेलं आहे: एकादशी आणि दुप्पट खाशी. मावशीने शनिवारी दुपारी उभ्या उभ्या अर्धा डबा शंकरपाळी संपवली. एरवी ती चहाबरोबर दोन खाते.

यात एक गोष्ट मान्य करावी लागेल. पूर्ण उपास केला की दोन-तीन दिवसांनी काही जणांची भूक मंदावते. आणि बिस्किटं, फरसाण, तीन वेळचा साखरेचा चहा आठवडाभर थांबला तर अंग हलकं वाटतं, पोट फुगत नाही. हे मी नाकारत नाही. पण तो गुण बिस्किटं थांबवल्याचा आहे, आणि ती पोळी, भाजी, वरण, ताक चालू ठेवूनही थांबवता येतात.

राहता राहिलं विष आणि मळ. कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरांना विचारा, पोट साफ केलेल्या माणसाच्या आतड्याची भिंत गुलाबी आणि स्वच्छ दिसते. वर्षानुवर्षांचा थर कुठे चिकटलेला नसतो, कारण तिथलं अस्तरच चार-पाच दिवसांत नवं होतं. विषारी द्रव्यं हाताळायला यकृत आहे, आणि मूत्रपिंडं रोज सुमारे १८० लीटर द्रव गाळतात. त्यांना दुधीची वाट बघावी लागत नाही. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये अशा डिटॉक्स, म्हणजे शरीरशुद्धीच्या, आहारांवरचं संशोधन धुंडाळलं, तर बाजारातल्या डिटॉक्सची माणसांवर नीट तुलना करून घेतलेली एकही चाचणी त्यांना सापडली नाही. आणि कुठलं विष, किती, हे मेसेजमध्ये कुठेच लिहिलेलं नाही.

तेल-लिंबाने पडणाऱ्या हिरव्या खड्यांबद्दल एवढंच: न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांनी ते तपासून २००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाला कळवलं होतं. पित्ताच्या खऱ्या खड्यांत सापडणारं कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन, कॅल्शियम त्यात काहीच नव्हतं. पोटात तेलाचा आणि लिंबाचा झालेला साबण होता तो.

आयुर्वेदाचं नाव घेतल्यावर लोक गप्प बसतात, म्हणून ते घातलंय. पंचकर्मात शोधन, म्हणजे शरीरशुद्धी, आहे, खरं आहे. पण तिथे वैद्य आधी नाडी, वय, बळ बघतो, अशक्त माणसाला ते देतच नाही. आधी स्नेहन-स्वेदन, म्हणजे तेल-तूप आणि शेक, आणि नंतर पेया, विलेपी, म्हणजे पातळ पेज, मग घट्ट पेज, असं करत रोजच्या जेवणावर हळूहळू आणणारा संसर्जन क्रम. त्याचा गुण किती, हा वेगळा विषय. पण माणूस न बघता हजार लोकांना एकच रस पाजा, असं कुठलाही वैद्य सांगणार नाही.

मावशी म्हणाली, ग्रुपवर काही लिहिलं तर मेसेज टाकणाऱ्या बाईंना वाईट वाटेल, त्या मनाने चांगल्या आहेत. मी म्हटलं, त्यांचं नाव घेऊ नकोस, फक्त हे टाक. काल रात्री तिने तिच्या नावाने टाकलं. तुमच्या ग्रुपवर तो मेसेज असेल तर त्याच्याखाली हे जसंच्या तसं चिकटवा:

“दुधी चिरायच्या किंवा किसायच्या आधी देठाकडचा तुकडा चाखा. कडू लागला तर सगळा फेका, शिजवूही नका. चुकून रस प्यायलात आणि मळमळ, उलटी, जुलाब सुरू झाले तर घरी थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा आणि दुधीचा रस प्यायलोय हे डॉक्टरांना आधी सांगा. मधुमेहाची, रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहू नका. मला स्वतःला त्रास झाला म्हणून लिहिते आहे.”