गोल उलटा आहे, कबूल

भाऊ, लहानपणी किटचे सुटे भाग जोडून छोटी विमानं बनवायचो त्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा लेखातलं ते विमान कपाटातून काढलं आणि खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिलं. तुमचे आक्षेप तीन. माझ्या नॅटच्या (छोटं लढाऊ जेट विमान) पंखांवरचा तिरंगी गोल, म्हणजे वायुदलाची खूण, उलटा आहे. आपल्या वायुदलाचं नॅट एका आसनाचं होतं, माझ्या फोटोत दोन दिसतात. आणि तिसरा, जो जास्त लागला: 'इंटरनेट असतं तर या चुका दोन मिनिटांत कळल्या असत्या. तुम्ही टंचाईचं कौतुक करताय, आणि ज्यांना किट मिळत होतं त्यांच्यापुरतंच ते कौतुक आहे.'

पहिले दोन मुकाट्याने मान्य. गोलात हिरवा मधोमध आणि केशरी बाहेर हवा, माझा उलटा. पण तो तसा का झाला ते सांगतो. आमच्याकडे नॅटचा एकच फोटो होता, १९७१ च्या युद्धानंतरच्या वर्तमानपत्रातला, गुरुजींनी कापून शाळेच्या फळ्याशेजारी चिकटवलेला. श्रीनगरला १४ डिसेंबरला नॅटमधून लढताना गेलेले निर्मलजित सिंग सेखों, वायुदलातले एकमेव परमवीर चक्र विजेते, यांच्याबद्दलची ती बातमी. फोटो काळापांढरा. केशरी आणि हिरवा, दोन्ही सारखेच करडे. मग आम्ही अक्कल लढवली: झेंड्यात केशरी पहिला, म्हणून गोलातही आतून सुरुवात केशरीने. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात ही गोष्ट कोणाला विचारणार? गुरुजींना विचारलं, तेही म्हणाले, "तसंच असेल."

दोन आसनांची गोष्ट वेगळी. किट एअरफिक्स या विलायती कंपनीचं होतं, १/७२ मापाचं, म्हणजे खरी सहा फुटं किटमध्ये एक इंच. काकांच्या ओळखीच्या कोणीतरी विलायतेहून आणलेलं. ते इंग्रजांचं प्रशिक्षण विमान, त्यांच्या वायुदलाच्या कसरतीच्या 'रेड ॲरोज' चमूवालं लाल, म्हणून मागे दुसरं आसन. त्याचा पंखविस्तारही आपल्या लढाऊ नॅटपेक्षा दोन फुटांच्या आसपास जास्त, किटवर आठ-नऊ मिलिमीटर. मी लालावर चंदेरी फासला आणि झालं म्हटलं. डब्यावर 'नॅट' लिहिलंय म्हटल्यावर शंका कशाला घ्यायची?

चिकटवण्याचा एक प्रकार लेखात राहिला होता. किटबरोबर गोंद नव्हता. फेव्हिकॉल लावला तर दुसऱ्या दिवशी पंख सुटून ताटात. ते प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, त्याला वरून चिकटणारा गोंद चालत नाही. कडा जराशा विरघळून एकजीव व्हाव्या लागतात. हे तेव्हा माहीत नव्हतं. माहीत एवढंच होतं की थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतो. रेडिओच्या खोक्यातला थर्माकोल आणि काकांच्या राजदूत मोटारसायकलमधलं चमचाभर पेट्रोल. त्या लगद्याने पंख बसला, आणि एका बाजूला बोटाचा ठसाही कायमचा उमटला. (आज पोरांना हे करू देणार नाही.)

आता तिसरा आक्षेप. टंचाईचं कौतुक मी करत नाही. ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीवरची बंधनं पुरती उठायला २००१ उजाडलं; तोवर आमच्यासारख्यांनी नागपूरहून येणाऱ्या माणसाच्या पिशवीकडे बघत बसायचं, यात छान काही नव्हतं. आजचा पोट्टा मोबाइलवर बघून माझ्याहून दसपट सफाईने रंगवतो, तेही मान्य. पण लेखात मी 'आम्ही विमानं बनवायचो' असं लिहिलं, आणि तुम्ही विचारलंत, त्या 'आम्ही'त किती जण? खरं उत्तर: दोघं. मी, आणि सुताराचा पोरगा. किट माझं. त्या पोराला मी किटला हात लावू दिला नाही. "तुझ्या हाताले भुसा हाय," म्हणालो होतो. हे लेखात लिहायचं टाळलं.

तो काही बोलला नाही. बापाने तान्ह्या पोळ्याचे (आमच्या विदर्भातला पोरांचा पोळा) लाकडी नंदी कोरून उरलेला सावरीच्या लाकडाचा तुकडा घेतला, शाळेतल्या त्या कात्रणासमोर तीन मधल्या सुट्ट्या उभा राहिला आणि वीतभर नॅट कोरलं. एकाच आसनाचं. कात्रणात एकच होतं ना! माझ्याकडे विलायती डबा होता, त्याच्याकडे फोटो. बरोबर त्याचं निघालं. हे मला तुमच्या प्रतिक्रियेपर्यंत सुचलंच नव्हतं, एवढे दिवस माझंच विमान 'खरं' धरून बसलो होतो.

तान्ह्या पोळ्याला त्याने त्या विमानाला नंदीची चार चाकं लावली आणि दोरीने ओढत पाटलाच्या दारात नेलं. "हा कोन्ता बैल बे?" म्हणून सगळे हसले, पण बोजारा (पोळ्याची ओवाळणी) इतर पोट्ट्यांपेक्षा जास्त मिळाला. चंदेरी रंगाची उरलेली डबी त्यासाठी मी दिली होती आणि पंखांवरचे गोलही मीच काढून दिले होते. म्हणजे दोन्ही विमानांवर गोल उलटे, आणि दोन्ही वेळा चूक माझी.

या आठवड्यात माझ्या नॅटवरचे गोल खरवडून नीट रंगवतो, फोटो टाकतो. मागचं आसन राहू देतो. त्याच्या विमानाचा फोटो मागू नका. सावरीच्या लाकडाला उधई फार लवकर लागते. दोन पावसाळेही टिकलं नाही ते.