'दाखवलं ६४, निघालं ८४' या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्हाला मनस्ताप झाला आणि फोनवर आमच्याकडून धड उत्तर मिळालं नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. काउंटरवरच्या मुलाने "गरम होणारच" म्हणून फोन ठेवायला नको होता. त्याला समज दिली आहे.

पण एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय की आम्ही आरटीएक्स ४०९० चं फॅक्टरी ओव्हरक्लॉक (कंपनीनेच स्पीड वाढवून दिलेलं), तीन फॅनचं ग्राफिक्स कार्ड 'खोटा रिपोर्ट दाखवून' गळ्यात मारलं. रिपोर्टमध्ये लोडवर, म्हणजे पूर्ण जोर लावून चालवताना, ६४ अंश, तुमच्या घरी ८४, फॅनचा आवाज सहन होत नाही आणि स्पीड साध्या कार्डाइतकाच. बाकीचं एक वेळ सोडून देतो सर, पण 'खोटा' हा शब्द सोडवत नाही. महागडं कार्ड गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी ते तासभर लोडवर चालवायचं आणि आकडे लेखी द्यायचे, हे आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. त्याचे वेगळे पैसेही घेत नाही. धंदा नावावर चालतो, आणि तुमचा रिव्ह्यू वाचून फोन करायचा राहिला असेल अशी माणसं असणारच.

तुम्ही रिपोर्टचा फोटो टाकलाय, त्यात सगळ्यात वरची ओळ आलेली नाही. मुद्दाम कापली असं मी म्हणत नाही, फ्रेममध्ये बसली नसेल. त्या ओळीत लिहिलंय: उघडा बेंच, खोली २४ अंश, बायोस स्विच परफॉर्मन्सवर. म्हणजे कार्ड कॅबिनेटबाहेर उघड्यावर लावलेलं, कार्डावरचा स्विच जास्त जोराच्या सेटिंगवर, आणि तिथे ते खोलीपेक्षा ४० अंश वर गेलं. बघायचा आकडा तो आहे, नुसते ६४ नव्हेत. तुमची खोली ३२ ची, हे तुम्हीच फोनवर सांगितलंत. तिथे हेच कार्ड, याच हालतीत, ७२ च्या आसपास दाखवणार. त्यात कार्डाचा दोष नाही आणि माझाही नाही.

राहिले १२ अंश. त्याचं उत्तर तुमच्याच दुसऱ्या फोटोत आहे. कार्ड रायझर केबलवर (कार्ड मदरबोर्डला जोडणारी लांब केबल) उभं बसवलंय, दिसायला सुंदर दिसतं, वाद नाही. पण तिन्ही फॅनची तोंडं बाजूच्या काचेकडे आहेत आणि मध्ये जेमतेम बोटभर फट. कॅबिनेटच्या पुढेही अखंड काच. हे ४५० वॅटचं कार्ड आहे सर, तेवढी उष्णता बाहेर काढायची तर गार हवा आत यायला वाट हवी. फट अरुंद असली की फॅन स्वतःचीच गरम हवा फिरवून फिरवून ओढतात, आणि कमी पडते म्हणून आणखी जोरात फिरतात. तुम्हाला ऐकू येतो तो हाच आवाज. नाकातोंडावर हात दाबून धावायला लावायचं आणि धाप का लागली म्हणून विचारायचं, त्यातलं झालं हे. मी स्वतः परत फोन करून म्हणालो होतो, दहा मिनिटं बाजूची काच काढून बघा. त्यावर तुमचं उत्तर होतं, "एवढा महाग कॅबिनेट काच काढून ठेवायला घेतला नाही." मग आकडा मी कुठून कमी करून देऊ?

स्पीडबद्दल लिहिलंय ते मात्र बरोबर आहे. चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचा मूळ बूस्ट क्लॉक, म्हणजे लोडवर चिप गाठते तो वेग, २५२० मेगाहर्ट्झ, या कार्डाच्या खोक्यावर २६१०. म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के, आणि गेममध्ये त्याहूनही कमीच जाणवतात. हे विकताना सांगितलं होतं: जास्तीचे पैसे जातात ते मोठ्या हीटसिंकला (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग), फॅनला, शांत चालण्याला. चिप गरम होत गेली की बूस्ट १५-१५ मेगाहर्ट्झने उतरत जातो. आमच्याकडे लोडवर २७६० टिकले होते, तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये २६८५ दिसतात. ७५ चा फरक! फॅक्टरीने वाढवून दिलेल्या ९० पैकी ७५ तुमच्या गरम खोलीने आणि काचेने खाल्ले आणि तारा कापला गेला आमचा.

गेमच्या मेनू स्क्रीनवर येणारी बारीक किणकिण फॅनची नाही, कार्डावरच्या वीजपुरवठ्याच्या कॉइलची आहे. फ्रेम रेटला (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याला) मर्यादा घाला, बरीच कमी होईल. कार्डाच्या वरच्या कडेला बायोसचा छोटा स्विच आहे. पीसी बंद करून तो सायलेंटवर करा. आवाज उतरेल, टेम्परेचर दोन-चार अंश चढेल. पण हे हवेची वाट मोकळी केल्यावर, आधी नको.

आणि त्याच फोटोत १६ पिनची पॉवर केबल प्लगपासूनच वळवलेली दिसते आहे. बाकी काहीही मागेपुढे करा, हे मात्र आजच बघा. प्लग पूर्ण आत बसलाय याची खात्री करा आणि प्लगपासून साधारण ३५ मिलिमीटर केबल सरळ राहू द्या, मग वळवा. ही गोष्ट रागाने लिहीत नाही, काळजीने लिहितोय.

रिपोर्टमध्ये यापुढे बंद कॅबिनेटमधलाही एखादा आकडा द्यावा असा विचार चालू आहे, बघतो कसं जमतं ते.

थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंकमधला लेप) बदलणार असं तुम्ही शेवटी लिहिलंय. कृपा करून स्क्रूला हात लावू नका. मेमरीवरचे पॅड ठरलेल्या जाडीचे असतात, ते फाटले किंवा सरकले तर आज आहे त्याहून वाईट होईल आणि वॉरंटीचा वाद वेगळाच उभा राहील. त्यापेक्षा अख्खा कॅबिनेट घेऊन या, रायझर केबलसकट. तुमच्यासमोर बेंचवर लावू, मग तुमच्या कॅबिनेटमध्ये लावू, दोन्ही आकडे तुम्हीच लिहून घ्या. बेंचवरही कार्ड खोलीपेक्षा ४० ऐवजी ५०-५५ अंश वर गेलं, तर कंपनीकडे क्लेम मी स्वतः टाकतो.