'लेकराच्या डोक्यात मशीन बसवू देऊ नका' म्हणणाऱ्या मेसेजला एका आईचं उत्तर

आखाजीपासून आमच्या नात्यागोत्यातल्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. 'लेकराच्या डोक्यात मशीन बसवू देऊ नका' असा त्याचा मथळा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांचं कॉक्लिअर इम्प्लांटचं, म्हणजे ऐकू येण्यासाठी आतल्या कानात यंत्राची तार बसवण्याचं ऑपरेशन हा नुसता धंदा आहे. मूल पाच वर्षांचं होईपर्यंत थांबा, आपोआप बोलेल. ऑपरेशनमध्ये कवटी फोडतात, तोंड वाकडं होतं. मूल वाढलं की मशीन लहान पडतं. एवढं करूनही मुलं बोलत नाहीत. आईने गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही की असं होतं. आणि खर्च एवढा, की गरिबाने त्या वाटेला जाऊच नये.

माझ्या मुलीचं हे ऑपरेशन ती दोन वर्षांची होण्याआधी झालं. आम्ही चोपडा तालुक्यातले, केळीवर घर चालवणारे लोक. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत माझे दीर आणि चुलतसासूबाईही आहेत आणि त्यांनी तो काळजीपोटीच पाठवलाय, हे मला ठाऊक आहे. तरीही त्यातल्या एकेका वाक्याने एखाद्या लेकराची वर्षं वाया जाऊ शकतात, म्हणून लिहिते आहे.

'पाच वर्षांपर्यंत थांबा, आपोआप बोलेल.'

सगळ्यात घातक हेच. प्रत्येक घरात उशिरा बोललेला एखादा काका असतो आणि त्याचंच उदाहरण पुढे केलं जातं. पण उशिरा बोलणारं मूल आणि ऐकू न येणारं मूल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. काकांना ऐकू येत होतं. त्यांच्या कानावर रोज हजारो शब्द पडत होते, फक्त तोंडून बाहेर यायला वेळ लागला. ज्या लेकराच्या कानात काही शिरतच नाही, ते बोलणार कशावरून?

पहिल्या तीन-चार वर्षांत मेंदू आवाज ओळखायला, वेगळे करायला, त्यांना अर्थ जोडायला शिकतो. त्या काळात आवाज पोचलाच नाही, तर मेंदूचा तो भाग दुसऱ्या कामाला लागतो. नंतर मशीन बसवलं तरी आवाज नुसता आवाजच राहतो, त्याचे शब्द होणं फार कठीण जातं. म्हणून जगभरचे डॉक्टर सांगतात, की पहिल्या महिन्यात कानाची चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराला सुरुवात झाली पाहिजे. आधी श्रवणयंत्र लावून बघतात. त्याचा उपयोग होत नसेल, तरच ऑपरेशनचा विषय निघतो.

थाळी वाजवून घरी करतात त्या परीक्षेवरही विसंबू नका. आमच्याकडे ती कितीतरी वेळा झाली आणि मुलगी कितीतरी वेळा वळली. दार आपटलं की जमीन हादरते, थाळीसोबत हात हलतो, सावली पडते. बहिरं बाळ या सगळ्याकडे बघतं. ते सुरुवातीचे महिने इतर बाळांसारखंच रडतं, हसतं, गळ्यातून आवाज काढतं. त्यामुळे घरच्यांना शंकाच येत नाही. बेरा नावाच्या तपासणीत बाळ झोपलेलं असतं. कानात आवाज सोडतात आणि तो मेंदूपर्यंत जातो की नाही, हे डोक्याला चिकटवलेल्या वायरींवरून कळतं. बाळाला काहीच करावं लागत नाही, त्यामुळे आमच्या आशेला किंवा भीतीला तिथे जागाच राहत नाही.

'कवटी फोडतात, तोंड वाकडं होतं.'

मेंदू उघडत नाहीत. कानाच्या मागे छोटा छेद घेतात, तिथल्या हाडात बारीक वाट कोरतात आणि त्या वाटेने बारीक तार आतल्या कानातल्या शंखासारख्या भागात, म्हणजे कॉक्लियात सरकवतात. ऐकण्याच्या ज्या सूक्ष्म पेशी काम करत नाहीत त्यांना वळसा घालून ही तार थेट ऐकण्याच्या नसेला संदेश देते. आपल्याला दिसतो तो बाहेरचा प्रोसेसर, कानामागे लावलेला. कातडीवर लोहचुंबकाने चिकटणारी त्याची कॉइल आतल्या भागाला आवाज पोचवते. अशा इम्प्लांटच्या सुरुवातीच्या शस्त्रक्रियांपैकी एक डॉ. ग्रेम क्लार्क यांनी 1978 साली ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला केली. म्हणजे हा काही कालपरवाचा प्रयोग नाही.

तोंड वाकडं होण्याची भीती मात्र हवेतून आलेली नाही. चेहऱ्याची नस त्या वाटेच्या अगदी जवळून जाते. म्हणूनच ऑपरेशनच्या वेळी त्या नसेवर सतत लक्ष ठेवणारं उपकरण लावतात. तिला कायमची इजा होणं फार क्वचित घडतं. सही करण्याआधी डॉक्टरांनी आम्हाला आणखी दोन गोष्टी सांगितल्या. त्या कानात थोडंफार ऐकू येत असेल तर तेही जाऊ शकतं. आणि मेंदूच्या आवरणाला सूज येण्याचा धोका किंचित वाढतो, म्हणून न्यूमोकोकलची लस आधी पूर्ण करायची. मेसेजमध्ये या दोन्हींचा उल्लेख नाही. ज्याला खरोखर सावध करायचंय, तो आधी लस घ्या म्हणून सांगेल.

'मूल वाढलं की मशीन लहान पडतं.'

नाही. कॉक्लिया जन्मतःच मोठ्या माणसाच्या मापाची असते. डोकं वाढतं, ती वाढत नाही. आतल्या भागात बॅटरीही नसते. तो कधीच बिघडत नाही असं नाही, पण बिघडला तर त्याच कानात दुसरा बसवता येतो. झीज होते ती बाहेरच्या मशीनची. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात घामाने ते ओलं होतं, म्हणून रात्री ओलावा शोषणाऱ्या गोळीच्या डबीत ठेवावं लागतं. वॉरंटी संपल्यावर वायर, कॉइल, बॅटरी हा खर्च घरावर पडतो आणि तो थोडाथोडका नसतो. त्याचा हिशेब आधीच धरा.

'एवढं करूनही मुलं बोलत नाहीत.'

हे अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं असल्यामुळेच लोकांना पटतं. ऑपरेशनने मूल बोलत नाही. ऑपरेशनने फक्त दार उघडतं. जखम भरल्यावर काही आठवड्यांनी मशीन सुरू करतात. मोबाइलवरच्या व्हिडिओत त्या क्षणी लेकरू खुदकन हसतं. आमची मुलगी घाबरून रडली आणि तिने कॉइल ओढून काढली. बरीच मुलं असंच करतात, कारण आवाज म्हणजे काय हेच त्यांना माहीत नसतं. त्या दिवसापासून ऐकण्याचं वय मोजायचं असतं. तीन वर्षांच्या मुलीचं ऐकण्याचं वय एक वर्ष असेल, तर तिने एक वर्षाच्या बाळाएवढंच बोलावं ही अपेक्षा. नातेवाईक मात्र तिच्या वयाची मुलं बघतात आणि 'ऑपरेशन फेल गेलं' म्हणून मोकळे होतात. तोच शेरा मग असा मेसेज बनून फिरतो.

पुढचं सगळं काम घरात होतं. मशीनची आवाजपातळी जुळवायला म्हणजे मॅपिंगला जायचं, थेरपीला जायचं आणि उरलेला सगळा वेळ आपण बोलायचं. रोज सकाळी मशीन लावलं की मी तोंडासमोर वही धरते, म्हणजे तिला ओठ दिसू नयेत. मग सहा आवाज काढते: आ, ई, ऊ, म, स, श. प्रत्येक आवाज ऐकू आला की ती वाटीत एक शेंगदाणा टाकते. 'स'ला हात हलला नाही, की मी आधी बॅटरी बघते, मग वायर. तेवढ्यावरून कळतं, की आज तिला पूर्ण ऐकू येतंय की अर्धंच.

याच मेसेजच्या एका रूपात 'घरात गावठी भाषा बोलू नका, फक्त शुद्ध मराठी बोला' अशीही ओळ आहे. हे ऐकून माझ्या सासूबाई कितीतरी दिवस नातीशी बोलायच्याच बंद झाल्या होत्या. त्या अहिराणीशिवाय काही बोलत नाहीत. थेरपिस्ट ताईंनी स्पष्ट सांगितलं, की घरात जी भाषा दिवसभर सहज बोलली जाते, तीच मुलीच्या कानावर पडू द्या. मग सासूबाई पुन्हा चुलीपाशी बसून हाका मारू लागल्या, 'आठे ये वं' (इकडे ये गं), 'भाकर खाय'. तिचा पहिला स्पष्ट शब्द 'आठे' हाच होता. दिवसातून सगळ्यात जास्त वेळा तोच तिच्या कानी पडायचा.

'आईने ग्रहण पाळलं नाही.'

ग्रहणाचा बाळाच्या कानाशी काडीचा संबंध नाही. जन्मजात बहिरेपणातला निम्म्याहून अधिक आनुवंशिक असतो आणि बहुतेक वेळा आई-वडील दोघांनाही व्यवस्थित ऐकू येत असतं. अशा वेळी बहुधा दोघांकडूनही एकेक दोष आलेला असतो, म्हणून तो मुलात दिसतो. जवळच्या नात्यात लग्न झालं असेल, तर ही शक्यता वाढते. बाकी कारणांत गरोदरपणातले काही संसर्ग, कमी दिवसांचं बाळंतपण, वाढलेली कावीळ येतात. जिच्या कुशीत असं लेकरू आहे, तिला हा मेसेज पाठवण्यापूर्वी तिचा चेहरा आठवा.

'गरिबाने त्या वाटेला जाऊच नये.'

खासगीत खर्च लाखांत जातो, हे खरं. पण दिव्यांगांना साधनं-उपकरणं मिळवून देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत 2014 पासून कॉक्लिअर इम्प्लांटचा समावेश आहे आणि पात्र कुटुंबाला त्यासाठी लाखांत मदत मिळते. तिचं काम मुंबईतल्या वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेमार्फत चालतं. मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यांच्या यादीतही जन्मजात बहिरेपणा आहे. पथकाला लेकरू दाखवा आणि ऐकण्याच्या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात पाठवा म्हणून हट्ट धरा. उत्पन्नाचा दाखला आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लवकर काढून ठेवा, वेळ त्यातच जातो. आणि जन्मजात बहिऱ्या मुलासाठी या योजनेची वयोमर्यादा आहे पाच वर्षं. मेसेज ज्या वयापर्यंत थांबायला सांगतो, नेमकी तेवढीच.