ब्रेडाच्या त्या कमानीतून होडी आत गेलीच नव्हती

पाण्यात पाय रोवून उभे असलेले दोन जाडजूड बुरूज, मध्ये कमान असा फोटो, आणि खाली मजकूर: ‘नेदरलँड्समधल्या ब्रेडा किल्ल्याच्या याच दरवाज्यातून 1590 मध्ये होडीत लपलेले डच सैनिक आत शिरले. तेव्हापासून इथे सैनिकी अकादमी आहे. याच किल्ल्यात डचांनी जायफळाच्या बेटासाठी न्यूयॉर्क देऊन टाकलं.’ वाक्यं तीन, आणि तिन्हींत चूक. इतिहासाची खरी आवड असलेली माणसंही हे पुढे पाठवतात, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आधी कमान. तिचं नाव स्पान्यार्ड्सखाट, म्हणजे ‘स्पॅनिशांचं भोक’. बुरूज सोळाव्या शतकातले आहेत, पण त्यांच्यामधला हा पाणदरवाजा 1610 च्या सुमारास बांधला. होडी आत गेली त्याला तोवर वीस वर्षं उलटली होती. नावात स्पॅनिश आहेत म्हणून गोष्ट तिथे चिकटली असावी.

कावा मात्र अस्सल आहे. 1581 पासून ब्रेडा स्पेनकडे होतं. नावाडी आद्रियान फान बेर्गन किल्ल्याला पीट पुरवायचा. पीट म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेली, चुलीत जळणारी माती. त्याची होडी रोजच्या ओळखीची, म्हणून झडती नावापुरती. डचांचा बावीस वर्षांचा सेनापती मॉरिस ऑफ नासाउ याने त्याचाच फायदा घेतला. होडीच्या तळाशी सुमारे 70 शिपाई दाटीवाटीने बसले आणि वर पीट रचलं गेलं. वारा उलटा, पाण्यावर बर्फ, दिवसामागून दिवस वाया. होडीत गार पाणी झिरपायला लागलं, आणि वर पहारेकरी असताना खोकला दाबायचा! शेवटी किल्ल्यातल्या शिपायांनीच बर्फातून होडी आत ओढून घेतली. (हे शिपाई स्पेनच्या चाकरीतले, पण बहुतेक इटालियन.) थोडं पीट उतरवल्यावर नावाडी म्हणाला, दमलो, उरलेलं उद्या. त्याच रात्री माणसं बाहेर पडली, आणि 4 मार्चला किल्ला डचांचा झाला.

‘तेव्हापासून अकादमी’ हे तर साफ खोटं. हा नासाउ घराण्याचा वाडा. 1536 मध्ये हेन्री तिसऱ्याने इटालियन तोमासो व्हिंचिदोरकडून जुन्या गढीचा प्रबोधनकालीन महाल करायला घेतला. 1625 मध्ये सेनापती स्पिनोलाने ब्रेडा पुन्हा स्पेनला मिळवून दिलं, 1637 मध्ये डचांनी परत घेतलं. अकादमी स्थापन केली राजा पहिल्या विल्यमने 1826 मध्ये, आणि ती सुरू झाली 1828 ला. कॅडेट्ससाठी केलेल्या फेरबदलांत महालाचं बरंचसं जुनं रूप गेलं. दुसऱ्या महायुद्धात मायदेश जर्मनांच्या हाती पडल्यावर डचांच्या ताब्यातल्या इंडोनेशियात, बांडुंगला पर्यायी अकादमी उघडली. तिथे शिकलेले नासुतिओन पुढे डचांविरुद्धच लढले आणि इंडोनेशियाचे लष्करप्रमुख झाले.

राहिलं न्यूयॉर्क. इंग्रज आणि डचांमधला ब्रेडाचा तह 31 जुलै 1667 चा. त्यातलं तत्त्व असं, की ज्याच्या हाती जे आहे ते त्याचंच राहावं. न्यूयॉर्क इंग्रजांनी डचांकडून 1664 मध्येच घेतलं होतं. जायफळाचं रन बेट डचांच्या ताब्यात होतं आणि दक्षिण अमेरिकेतलं सुरीनामही त्यांनी तहाच्याच वर्षी, 1667 मध्ये जिंकलं होतं. हातात नसलेलं शहर देणार कुठून? उलट 1673 मध्ये डचांनी न्यूयॉर्क परत जिंकलं, आणि ते कायमचं सोडलं 1674 च्या वेस्टमिन्स्टरच्या तहात.