"रात्रीत पार करा" असं ज्या मुलखाबद्दल सांगतात

गेल्या आठवड्यात शिकागोच्या एका ओळखीच्या वहिनींचा फोन आला. सुट्टीत गाडीनं माउंट रशमोर बघायला निघालेत. "अगं, वाटेत आयोवा लागतं. थांबण्यासारखं आहे का काही? सगळे म्हणतात, रात्रीत पार करा, नुसता मका आहे." मी फोनवर बरंच बोलले, पण मनासारखं सांगता आलं नाही. म्हणून इथं लिहितेय.

पाण्याचे नमुने घेण्याच्या कामामुळे आठ वर्षं मी आयोवाच्या वायव्येला, ब्यूना व्हिस्टा काउंटीत जातेय. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखी समजा, फक्त पसारा मोठा आणि माणसं थोडी. दीड हजार चौरस किलोमीटर जागा आणि २०२० च्या जनगणनेत २०,८२३ माणसं. त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या स्टॉर्म लेक गावात. बाकी आल्टा, नेवेल, अल्बर्ट सिटी, सू रॅपिड्स, रेम्ब्रांट अशी छोटी गावं. प्रत्येक गावात धान्य साठवायचं उंच कोठार, म्हणजे एलिव्हेटर, एखादं चर्च, आणि बहुतेक ठिकाणी बंद पडलेली शाळा.

रस्ते बघून आधी मला कंटाळाच यायचा. दर मैलाला एक रस्ता, सरळ उत्तर-दक्षिण नाहीतर पूर्व-पश्चिम. एका मैलाच्या चौकोनाला सेक्शन म्हणतात, ६४० एकर. त्याचा चौथा हिस्सा क्वार्टर, १६० एकर. इथले शेतकरी जमिनीबद्दल बोलताना अजून "अमक्याचा क्वार्टर" असंच म्हणतात. डकोटा लोकांकडून १८५१ च्या करारात ही जमीन काढून घेतली आणि मोजणीदारांनी साखळी टाकून तिचे चौकोन पाडले. ओढा कुठून वाहतो, उंचवटा कुठं आहे, याचा विचारच केला नाही.

पण जमीन तशी एकसारखी नाहीच. शेवटच्या हिमयुगातली बर्फाची जीभ दक्षिणेला थेट आजच्या डे मॉइन शहरापर्यंत आली होती आणि तिची पश्चिमेची कड याच काउंटीतून जात होती. स्टॉर्म लेक हे तळंही त्या बर्फाचीच देणगी. तळ्याच्या पश्चिमेला वाऱ्यानं आणून टाकलेली लोएस माती आहे, चांगली निचऱ्याची. पूर्वेला मात्र बर्फानं सोडलेला खोलगट, चिखलट भाग. दीडशे वर्षांपूर्वी तिथं उंच गवत होतं आणि गुडघाभर पाणी.

मी वाळवा तालुक्यातली. आमच्याकडं उसाला पाणी पाजून पाजून जमीन चिबड झाली, वर पांढरी मिठं फुटली, आणि माझ्या लहानपणी आबांनी रानात सच्छिद्र पाइप गाडून घेतले. त्यामुळे इथल्या शेतकऱ्यांच्या तोंडी "टाइल", म्हणजे जमिनीतली निचऱ्याची नळी, हा शब्द आला तेव्हा मला फार समजावून सांगावं लागलं नाही. १८८० नंतरच्या चाळीसेक वर्षांत माणसांनी फावड्यानं तीन-चार फूट चर खणले, त्यात भाजक्या मातीच्या फूटभर लांबीच्या नळ्या एकापुढे एक मांडल्या आणि वरून माती लोटली. आता काळा प्लास्टिकचा पाइप यंत्रानं घालतात. पाणी नळीतून चराला, चरातून ओढ्याला, ओढ्यातून नदीला जातं. जगातल्या सगळ्यात सुपीक जमिनींत गणली जाणारी ही काळी माती पिकाखाली आली ती या नळ्यांमुळे. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला स्वयंपाकघरातल्या खणातून एक जुना कागद काढून दाखवला. त्याच्या आजोबांनी पेन्सिलनं काढलेला टाइलचा नकाशा. सातबारा जपावा तसा जपलेला.

आबा एका जूनमध्ये इथं आले होते. पावसानंतर मी त्यांना पूर्वेकडच्या एका चरावर नेलं. काठातून टाइलचं तोंड बाहेर आलेलं आणि मनगटाएवढी धार धो-धो पडत होती. आबांनी ओंजळीत पाणी घेतलं. अगदी नितळ. म्हणाले, "प्यायला चालेल का?" मी नको म्हटलं. मग म्हणाले, "खाली कुठल्या गावाला जातं हे?"

जातं ते डे मॉइनला. नॉर्थ रकून नदी याच काउंटीत उगम पावते आणि त्या नदीचं पाणी राजधानीचं शहर पितं. ऑक्टोबरपासून मेपर्यंत मक्या-सोयाबीनचं रान उघडं असतं. मातीतला, खताचा आणि डुकरांच्या लेंड्याचा नायट्रोजन धरून ठेवायला जमिनीत जिवंत मूळ नसतं. वसंतातला पाऊस तो नायट्रेटच्या रूपात टाइलच्या वाटेनं थेट नदीत नेतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटला (त्यातला नायट्रोजन मोजून) लिटरला १० मिलिग्रॅमची कायदेशीर मर्यादा आहे. शहराच्या पाणीपुरवठा मंडळानं २०१५ साली ब्यूना व्हिस्टा, सॅक आणि कॅल्हून या तीन काउंट्यांच्या निचरा मंडळांवर खटला भरला. २०१७ मध्ये तो फेटाळला गेला. त्याच वर्षी 'स्टॉर्म लेक टाइम्स' या तीनेक हजार खपाच्या छोट्या वर्तमानपत्राचे संपादक आर्ट कलन यांना अग्रलेखांसाठी पुलित्झर हा पत्रकारितेतला मोठा पुरस्कार मिळाला. काउंटीचा खटल्याचा खर्च गुपचूप कोण भरतंय, हे त्यांनी आपल्याच गावात राहून, आपल्याच वाचकांना विचारायला लावलं होतं.

मला विचाराल तर शहराचं म्हणणं बरोबर होतं. हे मी इथल्या शेतकऱ्यांच्या घरी जेवताना बोललेय, आणि त्यांना ते लागलंय. त्यांचंही खरं आहे, मक्याचा भाव त्यांच्या हातात नाही. पण आमच्या पाइपांचं पाणी ओढ्यानं कृष्णेला जातं, आणि खाली ते कोण पितं हे आमच्या घरात कधी कुणी विचारलं नव्हतं. आबांनी पहिल्यांदा विचारलं ते इथं, परक्याच्या बांधावर. हिवाळ्यात राय (गव्हासारखं एक धान्य) पेरून रान झाकता येतं. टाइलच्या तोंडाशी थोडी पाणथळ जागा परत सोडता येते. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगांत शेताचा दहावा हिस्सा मूळच्या गवताच्या पट्ट्यांना दिल्यावर वाहून जाणारी माती ९५ टक्क्यांपर्यंत कमी झाली. हे सगळं माहीत असूनही २०२५ च्या जूनमध्ये डे मॉइनकरांना हिरवळीला पाणी घालायची बंदी सोसावी लागली, कारण नायट्रेट काढणारी यंत्रणा पुरी पडत नव्हती. शेतकऱ्यांच्या मनावर सोडून हे सुटणार नाही, कायदाच लागेल.

आता माणसांबद्दल. जुनी वस्ती अल्बर्ट सिटीकडं स्वीडिश, नेवेलकडं डॅनिश, सू रॅपिड्सकडं नॉर्वेजियन. ती नावं टपालपेट्यांवर अजून दिसतात, पण मुलं शहरांत गेली. आयोवाच्या ९९ काउंट्यांपैकी ६८ काउंट्यांची लोकसंख्या २०१० ते २०२० मध्ये घटली. ब्यूना व्हिस्टाची वाढली. कारण स्टॉर्म लेकचा डुकराच्या मांसाचा कारखाना. जुना युनियनवाला कारखाना १९८१ मध्ये बंद पडला आणि १९८२ मध्ये नव्या मालकानं कमी पगारावर, युनियनशिवाय सुरू केला. त्या कामाला आधी लाओसचे निर्वासित आले. गव्हर्नर रॉबर्ट रे यांनी १९७५ पासून लाओसमधून आलेल्या ताई दाम जमातीच्या लोकांना आयोवात आसरा दिला होता, त्यामुळे वाट माहीत झालेली. मग मेक्सिकोचे, ग्वातेमालाचे, सुदानचे, मायक्रोनेशियाचे लोक आले. शाळेत आज वीसहून जास्त भाषा बोलणारी मुलं आहेत. काउंटीचं नाव १८४७ च्या मेक्सिकोतल्या एका लढाईवरून ठेवलेलं, आणि आज गावाची मुख्य पेठ उघडी आहे ती मेक्सिकन कुटुंबांमुळे. २०२० च्या साथीत याच कारखान्यातल्या पाचशेहून जास्त कामगारांना लागण झाली. सुरी हातात घेऊन खांद्याला खांदा लावून उभं राहायचं काम, घरून करता येत नाही.

या माणसांना "बाहेरचे" म्हणणारे मला भेटलेत. तेव्हा मी गप्प बसत नाही. बंद शाळा असलेली गावं त्यांना पाच मैलांवर दिसतात, आणि स्टॉर्म लेकच्या शाळेत वर्ग वाढवावे लागतात. गाव कुणी जगवलं हे मोजायला याहून काय लागतं?

तर वहिनी, हायवे २० वरून ७१ ला उत्तरेकडं वळा, अर्ध्या तासात तळ्यावर पोचाल. दुपारी साडेतीनच्या आसपास या, कारखान्याची पाळी सुटते आणि टाकोच्या दुकानात जागा मिळत नाही, पण मी धरून ठेवीन. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर पोरांना घेऊन पूर्वेला पाच मैल जाऊ. चराच्या पुलावर गाडी बंद करून उभं राहिलं की टाइलचा आवाज येतो.