दिग्याचा पीसी आणि साडेसातची मोटर

आमच्या ग्रुपमधे एक अफवा आहे की मला कम्प्युटरमधलं कळतं. तिचा उगम सांगतो. ऑफिसातला एक पीसी काही केल्या चालू होत नव्हता, मी डबा उघडला, रॅमची पट्टी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले आणि परत दाबून बसवली, तर टुक करून चालू झाला. बास. एवढ्या भांडवलावर मी आज सहा वर्षं तज्ज्ञ आहे. कुणाचा प्रिंटर कागद खात असला तरी फोन मलाच येतो.

त्यामुळं दिग्याचा रात्री साडेअकराला फोन आला तेव्हा मला काय नवल वाटलं नाही. दिग्या तासगावच्या बाजूचा, द्राक्षबागायतदार. ऑक्टोबर छाटणी झालेली, म्हणजे खरंतर ह्या दिवसात माणसाला फवारणीतनं मान वर करायला वेळ नसतो, पण हा रात्रीचा गेमिंगचे व्हिडिओ बघत बसलेला.

"लगा, गेमिंग पीसी करायचाय. साठ हजार हायत. लिस्ट टाक."

वाण्याला यादी मागावी तसं. म्हणलं साठात मॉनिटर धरलाय का? तर म्हणे "मग काय टीव्हीला लावू?" कीबोर्ड, माउस, हेडफोन? "ते येतंयच की त्यात." पीसीच्या बजेटचं बोअरसारखं असतं, फुटाचा रेट सांगून माणूस गाडी आणतो आणि केसिंग, मोटर, पाईप, केबल हे सगळं खड्डा पडल्यावर आठवतं. हे मी त्याला सांगितलं तर तो गप्प झाला, कारण गेल्याच उन्हाळ्यात त्याचं तसंच झालेलं.

दोन रात्री जागून मी लिस्ट केली. प्रोसेसर रायझन ५ ५६००, सहा कोर बारा थ्रेड, डब्यातच कूलर मिळतो. त्याच्याखाली बी५५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम आठ-आठच्या दोन पट्ट्यांत, आरटीएक्स ५०६० ग्राफिक्स कार्ड, साठवणीला एक एनव्हीएमई एसएसडी. मला माझाच अभिमान वाटत होता. पाठवली. दहा मिनिटात रिप्लाय, "पुण्याचा भाऊ म्हणतोय एएम४ मेलंय."

प्रत्येक घरात पुण्याचा एक भाऊ असतो. त्याला ह्यातलं कळतं की नाही हा मुद्दा नसतो, तो हिंजवडीत असतो हा मुद्दा असतो.

मग दिग्याला सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, समजावणं आलं. म्हणलं बघ, बोर्ड म्हणजे खुंट आणि प्रोसेसर म्हणजे कलम. एएम४ हा आपल्या लिस्टमधला जुना खुंट, रायझन आलं तेव्हापासूनचा, लई चालला. एएम५ आला २०२२ ला. ह्याच्यावरचं कलम त्याच्यावर बसत नाही, आणि एएम५ ला रॅम फक्त डीडीआर५ लागते, डीडीआर४ ची पट्टी तिथं जातच नाही, दोन्हीला पिना २८८ च असल्या तरी मधली खाच वेगळ्या जागी आहे. मला वाटलं एवढ्यावर विषय संपला. पण बागायतदाराला खुंटाचं उदाहरण द्यायची चूक मी केलेली.

"म्हंजे खुंट नवा लावायचा आणि कलम नंतर बदलायचं, असंच ना? आम्ही न्हाय का थॉमसनवर सोनाका भरला, खुंट तोच डॉगरिजचा. मग एएम५ च घे की."

हा मुद्दा इतका बरोबर होता की मला राग आला. पुण्याच्या भावाला हे असं मांडता आलं नसतं. परत दोन रात्री. रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, डीडीआर५.

आणि नेमकं तेव्हाच रॅमनं डोकं वर काढलं. २०२५ संपता संपता एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी मेमरी अशी उचलायला घेतली की चिपा बनवणाऱ्या कंपन्यांनी माल तिकडं वळवला आणि आपल्यासारख्यांच्या पट्टीचा भाव रोज वेगळा. सांगलीतल्या दुकानात सकाळी कोटेशन घ्यायचं आणि संध्याकाळी दुकानदार म्हणायचा, साहेब ते सकाळचं होतं. मी दिग्याला हे जरा घाबरत घाबरतच सांगितलं, तर हा एकदम शांत. "मोठ्या व्यापाऱ्यानं माल उचलला की रेट वर जाणारच की. फक्त आमच्या बेदाण्याला असं कुणी उचलत न्हाय." डीडीआर४ पण महागलेली, पण एएम५ ची सगळी बेरीज केली की आकडा बघून पाणी प्यावं लागत होतं. शेवटी परत जुन्या खुंटावर आलो. म्हणजे चार रात्री जागून मी जिथनं निघालो तिथंच, फक्त रॅम आता पहिल्यापेक्षा महाग.

ग्राफिक्स कार्डाचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं माझं बीपी वाढतं. पुण्याचा भाऊ म्हणाला ८ जीबी मेमरीचं कार्ड वाया, १६ जीबीचंच घे. चुकीचं नाहीये ते, पण फरकाचे पैसे भाऊ देणार नव्हता. मधेच दिग्याला कुणीतरी जुनं कार्ड निम्म्या किमतीत दाखवलं, "फक्त घरात वापरलेलं". इथेरियम ह्या डिजिटल नाण्याचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग २०२२ च्या सप्टेंबरात बंद पडलं, त्याच्या आधी ही कार्डं रात्रंदिवस राबलेली, आणि त्यानंतर ती सगळी म्हणे घरातच वापरलेली. म्हणलं ही वीस वर्षं झालेली बाग आहे, मोळी करून ठेवलीय, घेतोस का? नको म्हणाला.

खरी लढाई झाली ती एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्या पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. सगळ्यात दुर्लक्षित पार्ट, दिसत नाही, लाइट नाही, खेळात वेग वाढत नाही. विश्रामबागच्या चौकात गाडीवर बसून मी भडंग खात होतो आणि दिग्या मोबाईलवर कॅबिनेट दाखवत होता, तिन्ही बाजूनं काच, सात पंखे, सातही रंग बदलणारे. लग्नाच्या वरातीतला रथ. म्हणलं पैसे कुठनं काढणार? "हे बग, हा साडेपाचशे वॅटचा ब्रॉन्झ रेटिंगवाला एसएमपीएस काढायचा, कॅबिनेटवाला एक साधा फुकट देतोय, त्याच्यावर बी पाचशे लिवलंयच की."

मी भडंग खाली ठेवला. दिग्या, म्हणलं, साडेसात एचपीची मोटर आहे. तिला पाचचा स्टार्टर लावशील? आणि स्टार्टरवर दुकानदारानं पेनानं साडेसात लिहून दिलं तर लावशील?

दिग्याचा चेहरा पडला. गेल्या वर्षी त्यानं मोटर जाळली होती आणि रिवायंडिंगला किती गेले हे त्याला तोंडपाठ होतं. ते कार्ड १४५ वॅट खातं, कंपनीच साडेपाचशेचा सप्लाय सांगते, हे मी बोललो पण त्यानं ऐकलं असं वाटत नाही. मोटरचं ऐकलं. पंखे सातावरनं चारवर आले. तरी जाता जाता म्हणाला, "मग लिक्विड कूलर तरी बसवू. पाण्याचा."

६५ वॅटच्या प्रोसेसरला. मी सांगलीच्या गावभागातला माणूस, २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेलेली तेव्हा माझा जुना सीपीयू आठवडाभर लिक्विड कूलिंगवरच होता. नंतर उघडला तर आत गाळाचा थर आणि एक गोगलगाय. पाण्याचा विषय मी तिथंच संपवला.

दिग्याच्या वडलांना, आबांना, ह्या प्रकरणाची कुणकुण लागली ती बिल बघून. साठाचे शहाऐंशी झालेले. आबा मला काय बोलले नाहीत, नुसतं बिलाकडं बघत म्हणाले, "फवारणीच्या ब्लोअरचं डाऊनपेमेंट भागलं असतं." ते आपण तुम्हाला नाही, मांडवावरच्या वेलाला सांगतोय असं बोलतात, त्यामुळं उत्तर पण देता येत नाही.

दुकानात जोडून, चालू करून बघून, दिग्यानं डबा मांडीवर धरून गावाकडं नेला. मी सांगलीत. रात्री नऊला फोन. "पंखं फिरत्यात, लाइटी लागत्यात, पण स्क्रीन काळी. नो सिग्नल." चाळीस मिनिटं मी फोनवर. रॅम काढ, घाल. कार्ड दाब. खोडरबर आहे का घरात? माझं सगळं शास्त्र खोडरबराशी येऊन थांबतं. शेवटी मागनं आबांचा आवाज आला, नेहमीसारखा वेलाला उद्देशून.

"मोटर फिरतीया, पाणी येत न्हाय. म्हंजे मोटर चांगली हाय. पाईप दुसरीकडं जोडलीया."

दोघंही गप्प. दिग्यानं मागं बघितलं तर मॉनिटरची केबल वर बोर्डाच्या पोर्टात घातलेली, आणि ५६०० मधे ग्राफिक्स नसतंच, ते पोर्ट म्हणजे नुसतं भोक. खाली कार्डाच्या पोर्टात घातली, आलं चित्र. आबा झोपायला गेले. आमच्या ग्रुपमधली अफवा आता त्यांच्या नावावर करायला माझी हरकत नाही.

नंतर यूपीएस राहिलाय हे लाइट गेल्यावर कळलं, वाय-फाय बोर्डात नाहीये हे त्याच रात्री कळलं, ते सोडून देतो. शहाऐंशीचे पंच्याण्णव झाले.

दोन महिन्यांनी मी गावाकडं गेलो. दिग्या मन लावून व्हॅलोरंट खेळत होता. हा गेम ऑफिसातल्या त्या खोडरबरवाल्या पीसीवर पण चालला असता, पण मी गिळून टाकलं. पाणी प्यायला तो आत गेला म्हणून सहज सेटिंग उघडून बघितली. मॉनिटर १४४ हर्ट्झचा, त्याच्यावर आमची आठ दिवस भांडणं झालेली, सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, त्याचे जादा पैसे मोजलेले. विंडोजमधे सेट होता ६० वर. पहिल्या दिवसापासनं.

मी काय बोललो नाही. गुपचूप १४४ केलं, बंद केलं, बाजूला बसलो. दिग्या आला, दोन राउंड खेळला, तिसऱ्याला थांबला, स्क्रीनच्या जवळ जाऊन बघितलं आणि आतल्या खोलीकडं तोंड करून ओरडला,

"आबा, आज नेट लई भारी चालतंय!"